डाव्या हाताचं माप

माझ्या सासूच्या पोटात गोष्ट राहते असं अख्खं डोणगाव म्हणायचं, आणि सासूला ते ऐकायला फार आवडायचं. नूरबी तिचं नाव. आम्ही मणेर, म्हणजे बांगड्या विकणारे मुसलमान. पण नुसतं विकून भागत नाही. मणेरणीला बाईचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो, अंगठ्याखालचं हाड दाबून दाबून नरम करावं लागतं, आणि काच न फुटता, कातडी न खरचटता एकेक बांगडी मनगटावर चढवावी लागते. याला बांगड्या भरणं म्हणतात. हात असा दुसरीच्या हातात असला की बाई आपोआप बोलायला लागते. आईला न सांगितलेलं, बहिणीला न सांगितलेलं तिथे बाहेर येतं. भरून झालं की मणेरीण एक जास्तीची बांगडी फुकट चढवते, दुव्याची, म्हणजे आशीर्वादाची म्हणून, आणि मग ती बाई, पाटलाच्या घरची का असेना, मणेरणीला हात जोडते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा अम्माने, म्हणजे या सासूने, मला धंद्याचा कायदा सांगितला होता. "सायरा, हातावर आयकलेली गोष्ट टोपल्यात बी पडू द्याची नाई." कायदा चांगला होता. अम्माने तो जन्मभर पाळलाही. पण तिच्या मते गोष्ट लपवायची ती गावापासून. गावाबाहेरच्या माणसाला सांगितली तर ती सांगितली असं तिच्या हिशेबी होतच नव्हतं. तो आज आला, उद्या गेला, तो कुठे आपल्या विहिरीवर चार बायकांत उभा राहणार आहे?

अम्माचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे अन्नपूर्णाबाई. इंद्रभान म्हणून एक बागाईतदार होता, वांगी, मिरची, कांदे लावायचा, त्याची ही बायको. गोरी, किरकोळ, हसरी. अम्माला ती मावशी म्हणायची आणि बांगड्या भरायच्या दिवशी सकाळपासून ओसरीत चटई टाकून वाट पाहायची. तिच्या डाव्या मनगटावर एक टेंगूळ होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती विहिरीवर पाय घसरून पडली होती, हाड वाकडं बसलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून अम्मा तिच्यासाठी बांगड्या वेगळ्या बांधून न्यायची, उजव्या हाताला एक माप, डाव्याला त्याहून एक नंबर मोठं. त्या हातावर बांगडी चढवताना दोघी डोक्याला डोकं लावून हळू हळू बोलत बसायच्या. काय बोलायच्या ते मला कधी कळलं नाही. मी विचारलं तर अम्मा म्हणायची, "तू टोपलं सांभाळ."

असं सगळं बरं चाललं असताना त्या उन्हाळ्यात उत्तमराव नावाचा माणूस आला.

डोक्याला काळी टोपी, पायात बूट, काखेत कातडी पिशवी. बोलणं एकदम पुस्तकी. आम्हा वऱ्हाडी लोकांना एखादा शुद्ध बोलायला लागला की तो खरंच बोलतो असं का वाटतं देव जाणे. तो आमच्या ओट्यावर बसला, आणि मी दाराला टांगलेल्या गोणपाटाच्या पडद्याआड उभी राहिले.

"मी शृंगार काच कारखान्याचा माणूस," तो म्हणाला. "आमचा माल वऱ्हाडात खपतो, पण दुकानदार आमच्या नावाखाली भलत्याच बांगड्या बायकांच्या गळ्यात मारतात. साहेबांना खात्रीचं माणूस हवं आहे. तुम्ही साधं गिऱ्हाईक होऊन बाजारात जायचं. डझनभर बांगड्या घ्यायच्या. दुकानदार कोणता माल काढतो, काय बोलतो, बायकांशी नीट वागतो की नाही, हे बघायचं आणि मला सांगायचं. बस्स. याला गुप्त गिऱ्हाईक म्हणतात."

"मले लिवता येत नाई, साहेब."

"लिहायचं काहीच नाही. नूरबींच्या पोटात गोष्ट राहते, हे मी मेहकरापासून ऐकत आलो. आम्हाला असंच माणूस पाहिजे."

झालं. अम्मा जी फुलली ती फुललीच. तिने मला चहा टाकायला सांगितलं, तोही दुधाचा. तेवढ्यात त्याने घरात कोण कोण, मुलगा कुठे असतो, कधी घरी येतो, सगळं विचारून घेतलं. अम्मा पटापटा सांगत होती. गफ्फार, म्हणजे माझा नवरा, खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आहे, महिन्यातून एखाद्या वेळी येतो, घरात आम्ही दोघीच. मग पडद्याकडे पाहून तो म्हणाला, "आणि सूनबाईंच्या हाताचं माप काय? कारखान्याकडून एक जोड भेट पाठवतो."

मी आतूनच म्हणाले, "माह्यं माप माह्या मनगटाले ठाऊक हाय. तुमाले काय कराचं?"

"पाह्यलं साहेब? अशी तोंडाळ हाय," अम्मा म्हणाली. तो हसला, जाताना अम्माच्या हातावर बादशहाच्या चेहऱ्याचे रुपये ठेवून गेला, आणि हे काम कोणाजवळ बोलायचं नाही, बोललात तर गेलं, असं दोनदा बजावून गेला.

तो वळणावरून दिसेनासा झाला तशी मी बाहेर आले. "अम्मा, काम कराच्या आधी कोनी पैसे देते का? आपल्याले तं काम करून बी लोक रडवते."

"मोठा कारखाना हाय."

"मंग त्या मोठ्या कारखान्याची एक बांगडी तरी दाखोली का त्यानं? पिशवीत काय व्हतं त्याच्या? आपल्या टोपल्यातली बांगडी उचलली अन् उजेडात धरून पाह्यली. काच जोडलेल्या जागी बोट बी फिरवलं नाई. बांगडीवाला असा पाह्यते का? अन् चांगलं काम हाय तं कोनाले सांगू नका काऊन म्हनते?"

"अवं गुपित काम हाय, मनून तं सांगू नका म्हनते! तुले तेवढी बी अक्कल नाई का?"

मला ज्या गोष्टीचा संशय येत होता, नेमकी तीच तिला खात्रीची खूण वाटत होती. गफ्फार घरी आला तेव्हा मी त्याच्या कानावर घातलं. तो अंघोळीचं पाणी मागत म्हणाला, "अम्माले कोन्या साहेबानं कामाले लावलं, तं तुयं पोट काऊन दुखून राह्यलं?" पोट माझं खरंच दुखत होतं, पण सून म्हणजे घरातली शेवटची टोपली. तिच्यात काय आहे ते कोणी बघत नाही.

मग आम्ही लोणारच्या बाजाराला गेलो. अम्माने टोपलं घरी ठेवलं, धुतलेलं लुगडं नेसली, आणि डोक्यावर ओझं नाही म्हणून रस्ताभर अशी चालली की जणू पायांना रस्ता सापडत नाही. बाजारात रहेमतुल्लाचं बांगड्यांचं दुकान होतं. आमच्याच बिरादरीतला. अम्मा त्याच्यासमोर जाऊन बसली, पदर सारखा केला, आणि अगदी अनोळखी आवाज काढून म्हणाली, "भाऊ, हिरव्या बांगड्या दाखवा बरं चांगल्या."

रहेमतुल्लाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काऊन वो नूरबी, घरच्या फुटल्या का साऱ्या?"

आजूबाजूचे हसले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. अम्मा मात्र शेवटपर्यंत गिऱ्हाईकच राहिली. भाव केला, घासाघीस केली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "शृंगार कारखान्याच्या हायेत ना ह्या?"

"कोनता कारखाना?"

"शृंगार."

"असा कारखाना मी तं काई आयकला नाई. माहा बाप याच धंद्यात म्हातारा झाला, त्यानं बी आयकला नसन."

मी अम्माचं कोपर दाबलं. बाजारातून बाहेर पडल्या पडल्या म्हणाले, "आयकलं का आता? कारखानाच नाई."

"तो काऊन कबूल करीन? चोराले चोर म्हटलं तं हाव म्हनते का? त्याच्यावरच तं नदर ठेवाची हाय आपल्याले." आणि अम्माच्या तोंडावर असं समाधान होतं, जणू तिने पहिल्याच दिवशी मोठा गुन्हेगार पकडला आहे.

उत्तमराव पुन्हा आला तेव्हा तिने लोणारची सगळी हकिकत सांगितली. रहेमतुल्ला कसा बसला होता, काय म्हणाला, कसा टाळत होता. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. तो ऐकतच नव्हता. टोपीने वारा घेत होता आणि मध्ये मध्ये हं, हं करत होता. ज्या कामासाठी पैसे दिले त्या कामाची त्याला फिकीर नव्हती. अम्मा थांबली तसा तो पुढे सरकून बसला.

"छान. आता आपल्या डोणगावाचं सांगा. कोणत्या घरी कोणतं माप लागतं, काचेबरोबर सोन्याचं काय घालतात. त्याप्रमाणे कारखाना रंग काढतो. जोडीला शोभले पाहिजेत ना."

आता माप विचारलं की मणेरणीला थांबवणं कठीण. तो तिचा विषय. कोणाचा हात जाड पण हाड मऊ, कोणाचा हात दिसायला बारीक पण बांगडी चढता चढत नाही, ती घरागणिक सांगत सुटली. मी आत चुलीपुढे बसून दात ओठ खात होते. आणि मग ती म्हणाली, "अन् अन्नपूर्णाबाईच्या तं दोन हाताचे दोन मापं."

"असं कसं?" त्याने विचारलं.

अम्मा थोडी थांबली. तेवढ्या थांबण्यात मला आशा वाटली. मी मुद्दाम पातेल्यावरचं झाकण फरशीवर टाकलं.

"सायरा, भांडे हळू ठेव वो," अम्मा म्हणाली, आणि आवाज खाली आणून त्याला सांगू लागली. "डावं हाड मोडलेलं हाय तिचं. लोकं म्हनते हिरीवर पडली. हिरीवर कशाची पडते! नवऱ्यानं मारलं. बैल हाकाच्या परानीनं. नवी नवरी व्हती, भाजी खारट झाली मनून. कोनाले नाई सांगतलं तिनं, मायबापाले बी नाई. मले तं हात धरताच समजलं. मंग रडली माह्यापाशी. आता त्या टेंगळावर तिची पाटली टोचते, पन काढत नाई. माहेरच्या हायेत, भरीव सोन्याच्या."

"अरेरे," उत्तमराव म्हणाला. फार हळहळून म्हणाला.

मी या घरात आल्यापासून त्या दोघींचं टोपलं सांभाळत होते. मला कधी एक अक्षर कळू दिलं नव्हतं. आणि त्या टोपीवाल्याला दुसऱ्याच भेटीत सगळं कळलं. मला अम्माचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. उठताना तो सांगून गेला, बुधवारी साहेब स्वतः मेहकरला येणार आहेत, अम्माने मोटारस्टँडवर दुपारभर थांबावं, कायमच्या नेमणुकीचं बोलायचं आहे.

"अम्मा, तुमी हे काऊन सांगतलं त्याले?"

"काय सांगतलं? माप सांगतलं." तिला खरोखरच समजत नव्हतं. "दोन मापं काऊन लागते मनून त्यानं विचारलं, ते सांगतलं. तो कुठी आपल्या गावचा हाय?"

मी दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाईच्या दारापर्यंत गेले. ओसरीत इंद्रभान बैलाचं दावं वळत बसला होता. तिने आतून विचारलं, "काय वो सायरा?" आता मी काय सांगणार होते? तुमचं गुपित बाहेर गेलं, ते मलाही कळलं, आणि पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, पण भीती वाटते? तेही त्या माणसासमोर? "थोडं विरजन पायजे व्हतं," मी म्हणाले. तिने वाटीभर दिलं. डाव्या हाताने दिलं. मी वाटी घेऊन परत आले.

बुधवारी अम्मा मेहकरला गेली. दिवे लागायच्या सुमारास परतली ती वैतागून. साहेब नाही, उत्तमराव नाही, उन्हात बसून डोकं चढलं होतं. मी पाणी दिलं. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आली. क्वचितच यायची ती आमच्याकडे. हसत हसत ओट्याशी उभी राहिली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "झाल्या का मावशी पाटल्या रुंद?"

"कोनत्या पाटल्या?" अम्मा म्हणाली.

अन्नपूर्णाबाईचं हसू तसंच राहिलं. लगेच गेलं नाही. "तुमी सोनाराकडे बसल्या व्हत्या ना मेहकरले? तुमी मानूस धाडला ना?"

"मी कोनाले नाई धाडलं, माय."

मग तिने सांगितलं. दुपारी इंद्रभान मळ्यात गेल्यावर एक टोपीवाला आला. म्हणाला, नूरबींनी पाठवलं आहे, त्या मेहकरला ओळखीच्या सोनाराकडे बसल्या आहेत, तो डावी पाटली टोचते ती जराशी रुंद करून देतो, दोन्ही द्या म्हणजे जोड सारखी होईल. तिने आधी दार लावून घेतलं होतं. तेव्हा तो फटीतून हळूच म्हणाला, परानीनं हाड मोडलं तेव्हापासून टोचते, हे नूरबींनी सांगितलं, त्यांना तुमची फार काळजी.

"मले वाटलं, हे तं तुमच्याशिवाय कोनालेच ठाऊक नाई," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "मंग तुमीच धाडला असन. मी दिल्या काढून."

अम्मा मटकन खाली बसली. ओट्यावर नाही, मातीत. अन्नपूर्णाबाई तिच्याकडे पाहत राहिली. पाटल्या गेल्या हे तिला कळलं होतं, ते तर तोंडावर दिसतच होतं. पण ती पाटल्यांविषयी काही बोललीच नाही. ती एवढंच म्हणाली, "तुमी त्याले सांगतलं?" अम्माने मान खाली घातली. अन्नपूर्णाबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळं गाव जमलं. मेहकरहून ठाणेदार आले होते. कडूबा पाटील खाटेवर, ठाणेदार खुर्चीवर, पुरुष समोर, आम्ही बायका भिंतीच्या कडेला. ठाणेदारांनी चौकशी केली, चांगली केली, पण शेवटी हात झटकले. त्या वर्णनाचा माणूस काल सायंकाळीच देऊळगाव राजाहून जालन्याच्या मोटारीत बसलेला कोणी पाहिला होता. जालना म्हणजे मोगलाई, निजामाचं राज्य. आमचं वऱ्हाड नागपूरच्या सरकारकडे, आणि नागपूरच्या पोलिसाचा पाय त्या हद्दीत पडत नव्हता. "कागद पाठवतो," ठाणेदार म्हणाले. कागद जाणार, हैदराबादेत फिरणार, हे सगळ्यांना समजलं.

मग कडूबा पाटलांनी विचारलं, "पन अन्नपूर्णाबाई, मले एक सांगा. वळख नाई, पाळख नाई, तुमी त्याच्या हातात पाटल्या देल्याच कशा?"

तिने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला.

"तेच तं मी बी रातीपासून विचारून राह्यलो," इंद्रभान म्हणाला. तो उभाच होता. "दार बंद व्हतं म्हनते. मंग उघडलं कोनी? अनोळखी मानसाले कोनी बाई हातातलं सोनं काढून देते का?"

पुरुषांमधून कोणी तरी खाकरलं, कोणी तरी हसलं. त्या हसण्याचा अर्थ भिंतीकडच्या एकूण एक बाईला कळला. शेजारच्या दोघी अन्नपूर्णाबाईपासून जराशा बाजूला सरकल्यासुद्धा. माझ्या अंगाची आग झाली. ती का फसली हे त्या चावडीत तीनच माणसांना ठाऊक होतं, आणि तिघीही बायका. एका वाक्यात तिच्यावरचा डाग पुसला गेला असता. पण ते वाक्य म्हणजे तिच्या नवऱ्याने तिचं हाड मोडलं हे भर चावडीत, ठाणेदारासमोर, त्याच्या तोंडावर सांगणं. आणि त्यानंतर संध्याकाळी तिला त्याच घरात जायचं होतं.

अम्मा उठली. "पाटील, मी सांगतो," ती म्हणाली. "चूक माही हाय. मी त्या मानसाले..."

अन्नपूर्णाबाईने पदर थोडा वर केला आणि अम्माकडे पाहिलं. मी ते पाहणं जन्मात विसरणार नाही. त्यात राग नव्हता. नको, एवढंच होतं. आणि अम्मा पुढचं बोलायच्या आत ती स्वतःच मोठ्याने म्हणाली, "त्यानं नजरबंदी केली माही. डोयापुढं अंधारी आली. मले काईच समजलं नाई. मावशीचा काय दोष? त्याईले बी फसोलं त्यानं."

"नजरबंदी!" इंद्रभान म्हणाला.

"असते अशे लोकं," कडूबा पाटील म्हणाले, कारण त्यांना जेवायला जायचं होतं. ठाणेदारांनी तसं लिहून घेतलं. चावडी रिकामी झाली. अम्मा तशीच उभी होती, तोंड अर्धं उघडं. तिच्या पोटात गोष्ट राहते असं म्हणणाऱ्या गावासमोर तिला ती गोष्ट आता खरोखरच पोटात ठेवावी लागणार होती, आणि जगात कोणाचंच भलं त्यातून होणार नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर अम्मा जेवली नाही म्हटलं तरी चालेल. मला वाटायचं, तिला ओरडून सांगावं, मी म्हटलं होतं, मी तेव्हाच म्हटलं होतं. पण तिच्याकडे पाहिलं की मी तिच्यापुढचं ताट उचलून आत ठेवायचे. गफ्फार आला, त्याने सगळं ऐकलं आणि माझ्याकडे न बघता पाणी मागितलं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी अन्नपूर्णाबाईचा निरोप आला, बांगड्या भरायला या. अम्मा दचकली. मग तिने घाईघाईने टोपलं काढलं. दोन मापं वेगवेगळी बांधली, डाव्या हाताची स्वतः निवडली, प्रत्येक बांगडीच्या आत तीन तीनदा बोट फिरवून. वाटेत म्हणाली, "सायरा, तिनं माफ केलं वो मले." पण मला कळत होतं की बोलावलं नसतं तर गावाने विचारलं असतं, दर वर्षी नूरबी येते, यंदा काऊन नाई? अन्नपूर्णाबाईला आता आणखी प्रश्न नको होते.

ओसरीत चटई टाकलेली होती. इंद्रभान आत जेवत होता, त्याच्या घोट घेण्याचा आवाज येत होता. अन्नपूर्णाबाई समोर येऊन बसली आणि तिने उजवा हात पुढे केला. अम्माने तो दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याखाली दाबला आणि वाट पाहिली. ती बोलेल म्हणून वाट पाहिली. अन्नपूर्णाबाई अंगणातल्या तुळशीकडे पाहत होती. एकेक बांगडी चढत गेली. काचेचा आवाज सोडून दुसरा आवाज नव्हता.

"डावा हात आना, माय," अम्मा म्हणाली.

तिने पदराखालून डावा हात काढला. मनगट सुजून जाड झालं होतं, टेंगळाच्या वर निळंकाळं पडलं होतं, आणि बोटं नीट मिटत नव्हती. अम्माने मोठ्या मापाची बांगडी हातात घेतली, मनगटाजवळ नेली, आणि तशीच धरून ठेवली. ती त्या हातावर चढणार नव्हती. टोपल्यात तेवढ्या मापाची एकही नव्हती. अम्माचे डोळे भरून आले. तिने दोन्ही तळव्यांत तो हात अगदी हलका धरला, आणि कित्येक वर्षं विचारत आली होती तसं, डोकं जवळ नेऊन, फक्त तिलाच ऐकू जाईल असं विचारलं, "काय झालं वो?"

अन्नपूर्णाबाईने हात सोडवून घेतला नाही. तिने अम्माच्या डोळ्यांत पाहिलं, आणि सगळ्या गावाला सांगायची त्या आवाजात सांगितलं.

"हिरीवर पाय घसरला, मावशी."

आत घोट घेण्याचा आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

"हाव," अम्मा म्हणाली. "शेवाळ असते तथी." आणि ती हातातली बांगडी पुन्हा दोऱ्यात ओवू लागली.